मदत हवी आहे: एलईडी ड्रायव्हरच्या रिव्ह्यूत कुठे अडवायचं, कुठे सोडायचं?

नमस्कार मंडळी,

ऑफिसातल्या सहकाऱ्याने लिहिलेला एक लिनक्स एलईडी ड्रायव्हर (दिव्याची चिप चालवणारा कोड) रिव्ह्यूला माझ्याकडे आलाय. माझा हात टचस्क्रीनच्या ड्रायव्हरवर बसलेला, एलईडी सबसिस्टीम नवीन. चिप आयटूसीवर (प्रोसेसरशी जोडणाऱ्या दोन तारांच्या बसवर) आहे, तीन चॅनेल. करारामुळे नाव सांगता येत नाही, पण त्यावाचून काही अडणार नाही.

ही चिप दिवा मंद-प्रखर करायचं काम स्वतःच करते. चढायचा, थांबायचा, उतरायचा आणि बंद राहायचा असे चार वेळ रजिस्टरांत (चिपच्या आतल्या छोट्या कप्प्यांत) भरले की प्रोसेसर झोपला तरी दिवा आपला सुरू. कर्नल (लिनक्सचा गाभा) ४.२० मध्ये पॅटर्न ट्रिगर (ठरलेल्या नमुन्याने दिवा चालवायची सोय) आला, त्यातून हे वापरता येतं. सिसएफएसमधल्या (कर्नलच्या सेटिंग्ज फाइलींच्या रूपात मांडणाऱ्या जागेतल्या) 'पॅटर्न' फाइलीत लिहिलं तर कर्नल टायमर लावून उजेड बदलत राहतो. 'एचडब्ल्यू_पॅटर्न'मध्ये लिहिलं तर ड्रायव्हरचं पॅटर्न_सेट फंक्शन बोलावलं जातं आणि पुढचं चिप बघते. लिहायचं ते असं, उजेड आणि मिलिसेकंद आलटून पालटून:

० ५०० २५५ १००० ० ५०० ० २०००

आता अडचण. चिपमध्ये प्रत्येक वेळेला चारच बिट आहेत आणि पायऱ्याही समान नाहीत: १३०, २६०, ३८०, ५१० अशा वाढत जातात. सहकाऱ्याचा कोड तंतोतंत पायरीवरची वेळच घेतो, नाहीतर ईइनव्हॅल ('मूल्य चुकीचं' असा एरर). म्हणजे वरची ओळ पहिल्याच ५०० ला परत येते. त्याचं म्हणणं, जे जमत नाही त्याला नाही म्हणावं. मला हे जाचक वाटतं, पण ठाम सांगायला आधार नाही.

गंमत म्हणजे 'रिपीट'च्या (किती फेऱ्या चालवायच्या त्या आकड्याच्या) बाबतीत हाच कोड कशालाच नाही म्हणत नाही. आलेल्या आकड्याला १५ चा मास्क लावून (म्हणजे खालचे चारच बिट ठेवून) रजिस्टरात टाकतो, बस्स. चिपच्या लेखी तिथे शून्य म्हणजे अखंड.

शिवाय ड्रायव्हरमध्ये स्वतःचा म्यूटेक्स (एका वेळी एकालाच आत सोडणारं लॉक) नाही. "रेगमॅपचं लॉक आहे की" असं उत्तर मिळालं (रेगमॅप म्हणजे रजिस्टर वाचायचा-लिहायचा कर्नलचा थर). पटावं का?

ओममापक:
वेळ जवळच्या पायरीवर न्या, बिनधास्त. मेनलाइनमध्येच (मूळ अधिकृत कर्नलमध्ये) दाखला आहे. स्प्रेडट्रमच्या एससी२७एक्सएक्सचा ड्रायव्हर उघडा. तिथे पायरी १२५ मिलिसेकंदांची, कमाल ३१८७५. डॉक्युमेंटेशन १२५ च्या पटीत वेळ द्या म्हणतं, पण कोड आलेली वेळ हद्दीत आणून पायरीला जुळवून घेतो, एरर देत नाही. मात्र उजेड-वेळेच्या चार जोड्या नसतील तर तोच ड्रायव्हर ईइनव्हॅल देतो. ५०० चे ५१० झालेले कुणाच्या डोळ्यांना कळणार आहेत? तुमच्या पायऱ्या असमान आहेत, तेव्हा भागाकार नको. तक्ता ठेवा आणि जवळचा आकडा शोधा.

जुना_खिळा:
वेळेचं वर आलंच. रिपीटवर मात्र पॅच अडवा. पॅटर्न ट्रिगरमध्ये अखंडसाठी -१ असतं. -१ ला १५ चा मास्क लावला की उरतात १५. म्हणजे ज्याने कायम मागितलं त्याचा दिवा पंधरा फेऱ्यांनी बंद. उलट कुणी १६ मागितलं तर उरतं शून्य, तो दिवा जन्मभर चालणार! ग्राहकाच्या हातात बोर्ड गेल्यावर हे शोधत बसाल तर केस पांढरे होतील.

-१ आलं तर शून्य लिहा, १ ते १५ जसंच्या तसं, बाकी सगळं ईइनव्हॅल. क्वालकॉमच्या एलपीजी ड्रायव्हरला एकदाच किंवा अखंड एवढंच जमतं, म्हणून तो -१ आणि १ सोडून बाकी सगळं नाकारतो. वेळ थोडी इकडेतिकडे झाली तर हरकत नाही. मागितलेला प्रकारच बदलत असेल तर नाही म्हणायचं. याच न्यायाने उतरायच्या जोडीत कुणी शून्याऐवजी १०० उजेड दिला तरी नाकारा. एससी२७ वाला तो आकडा बघतच नाही, पण त्यातलं सगळंच उचलायला हवं असं कुठे आहे?

धागाकर्ती:
दोघांचे आभार. -१ चं माझ्या लक्षात आलं नव्हतं. बोर्डवर लावून पाहिलं, खरंच पंधरा फेऱ्यांनी दिवा विझला. आता लॉकबद्दल कुणी सांगेल का?

बिटबाई:
रेगमॅपचं लॉक एका व्यवहारापुरतं असतं. तुमच्या पॅटर्न_सेटमध्ये चॅनेल बंद करणं, चार वेळ लिहिणं, मग पॅटर्न मोड सुरू करणं अशी लांबलचक रांग असणार. त्या रांगेच्या मध्येच कुणी 'ब्राइटनेस'मध्ये ८० लिहिलं तर? शून्य लिहिलं तर ट्रिगरच निघून जातो, पण ८० ने निघत नाही. चिप आयटूसीवर, म्हणून उजेड लावायला ब्राइटनेस_सेट_ब्लॉकिंग हे फंक्शन वापरलं असेल. ते वर्ककडून (कर्नलने मागाहून चालवायला ठेवलेल्या कामातून) येऊन त्याच चॅनेलला साध्या मोडवर टाकू शकतं. ट्रिगरचा स्वतःचा म्यूटेक्स आहे, पण तो या वाटेवर नाही. तेव्हा ड्रायव्हरचा एक म्यूटेक्स हवाच, दोन्ही फंक्शनांत आणि पॅटर्न काढणाऱ्या पॅटर्न_क्लिअरमध्येही.

पॅटर्न_क्लिअर नीट बघा. ट्रिगर काढताना ते बोलावलं जातं, आधी हार्डवेअर पॅटर्न लावलेला असो वा नसो. काही सुरूच नसताना बोलावलं तरी शून्य परत करून गप्प बसलं पाहिजे. आणि ते लिहिलेलंच नसेल तर ट्रिगर लावताना कर्नल वॉर्निंग देऊन पॅटर्न_सेटही काढून टाकतो.

जुना_खिळा:
आणि पायऱ्यांचा तक्ता, रिपीटची मर्यादा डॉक्युमेंटेशन/एलईडीज मध्ये वेगळ्या फाइलीत लिहायला लावा. एचडब्ल्यू_पॅटर्नचा अर्थ प्रत्येक चिपगणिक बदलतो, मेनलाइनला पाठवलंत तर ती फाइल मागतीलच.