‘क्लेम’ला दावा म्हणावं का?

(बोलणाऱ्यांची नावं म्हणजे सोलापुरातल्या जागा.)

सात रस्ता: अकरावीसाठी युक्तिवादपर लेखनाचं टिपण मराठीत करतेय. वस्तुस्थितीचा, व्याख्येचा, कारणाचा, मूल्याचा, धोरणाचा असे ‘क्लेम’चे, म्हणजे लेखक जे म्हणणं पटवून देतो त्याचे, प्रकार. मी सगळीकडे ‘दावा’ लिहिलं. एक सहकारी म्हणाले, दावा कोर्टात लावतात, ‘विधान’ लिहा. पण विधान नुसतं करून मोकळं होता येतं, दाव्याला पुरावा द्यावा लागतो. काय करू?

बाळीवेस: ‘प्रतिज्ञा’ लिहा. न्यायशास्त्रात, म्हणजे आपल्या जुन्या तर्कशास्त्रात, क्रमच आहे: प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन. ‘पर्वतावर अग्नी आहे’ ही प्रतिज्ञा, ‘कारण धूर दिसतो’ हा हेतू. घरचा नेमका शब्द असताना अरबीतून आलेला कशाला?

विजापूर वेस: मुलांना पाठ्यपुस्तकातली प्रतिज्ञाच आठवणार. आणि अरबी म्हणून दावा काढायचा, तर वकील, अर्ज, कायदा हेही काढा. नावापेक्षा फरक शिकवा, मॅडम. आमच्या घरात माग होते, म्हणून चादरच घेतो. ‘सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे’: वस्तुस्थिती, कागद बघून मिटते. ‘दुसऱ्या गावात विणलेली ती सोलापुरी नव्हे’: व्याख्या. इथं आधी सोलापुरी कशाला म्हणायचं ते ठरवा. ‘स्वस्त मालामुळं माग बंद पडले’: कारण. यात लोक हमखास घसरतात. आधी माल आला, मग माग थांबले, एवढ्यानं ‘मुळं’ सिद्ध होत नाही. सुताचा भाव, वीजदर, मजुरी हेही तपासावं लागतं. ‘हिच्याइतकी चांगली चादर नाही’: मूल्य. चांगली म्हणजे टिकाऊ की मऊ, निकष आधी सांगा. ‘सरकारी दवाखान्यांनी हीच घ्यावी’: धोरण. मराठीत क्रियापदाचा ‘-वा, -वी, -वं’ हा शेवटच ते सांगतो.

बाळीवेस: त्या शेवटावर विसंबू नका. ‘पाऊस पडला असावा’ यात कुठलं धोरण?

विजापूर वेस: तो तर्क झाला. मान्य, ‘करावं, द्यावं’पुरतंच धरा.

हुतात्मा चौक: दावा आपलाच आहे हो! आमची आजी ‘दाखव’ला ‘दाव’ म्हणायची, ‘काय आणलास दाव की’. जो दावतो, तो दावा.

बाळीवेस: नाही. ‘दावणे’ वेगळं, गुराचं ‘दावं’ वेगळं, ते संस्कृत ‘दामन्’वरून. दावा अरबीच. शिवाय जुन्या मराठीत त्याचा अर्थ वैर असाही आहे, ‘दावा साधला’ म्हणतात. मुलांच्या निबंधाला हे वैर कशाला चिकटवायचं?

सात रस्ता: मग ‘कारणाचा दावा’ लिहू की ‘कार्यकारण-प्रतिज्ञा’? उद्या झेरॉक्स काढायच्या आहेत.

हुतात्मा चौक: ‘दाव’ बार्शीकडंही म्हणतात का? तिथलं कुणी असेल तर सांगा.