मदत हवी आहे : लिनक्स मिंट टाकल्यापासून मराठी फाइली वाचता येत नाहीत (तातडीचं)

अक्षरजुळणी_कराड
नमस्कार. काल रात्री दुकानातल्या कॉम्प्युटरवर लिनक्स मिंट टाकलं, विंडोजसारखीच पण फुकट ऑपरेटिंग सिस्टिम. नेट चालतंय, प्रिंटरही आपोआप सापडला. पण मराठी फाइली उघडल्या की मजकुराच्या जागी इंग्रजी अक्षरं दिसतात. वाचनालयाची स्मरणिका परवा सकाळी ऑफसेटला द्यायची आहे, ६४ पानं. काय करायचं ते कुणी पटकन सांगा. नेटवर शोधा म्हणू नका, दुपारपासून तेच करतेय.

उबुंटू_जुना_भिडू
देवनागरी फाँट नसतील. सॉफ्टवेअर मॅनेजर उघडा, लोहित किंवा नोटो टाका, लॉगआउट करून परत या. पाच मिनिटांचं काम.

अक्षरजुळणी_कराड
दोन्ही टाकले. काडीचा फरक नाही.

माणदेशी_मास्तर
ताई, इनपुट मेथडमध्ये जाऊन आधी आयबस बसवा, म्हणजे मराठी टाइप करता येतं. मग एम१७एनचं पॅकेज घ्या, तो कीबोर्डच्या मांडण्यांचा संच आहे, त्यात मराठीचा इनस्क्रिप्ट कीबोर्ड आहे, गमभनची सवय असेल तर तोही आहे. आमच्या शाळेत पाच मशीनवर मी स्वतः केलंय. मुलं आठवड्यात सरावली.

अक्षरजुळणी_कराड
सर, टाइप करायचा प्रश्न नाही हो. टाइप केलेलं आहे तेच दिसत नाहीये.

रात्रपाळी_ठाणे
मशीन कोणतं? रॅम किती? मिंटची कोणती आवृत्ती? आणि विंडोज ठेवलंय की उडवलं? हे न सांगता लोकांनी काय अंदाज बांधत बसायचं?

अक्षरजुळणी_कराड
आय-थ्री, चौथी पिढी, ८ जीबी. मिंट २२. विंडोज काढून टाकलं, पूर्ण डिस्क मिंटला दिली. फाइली पेन ड्राइव्हवर घेतल्या होत्या, त्या सगळ्या आहेत.

रात्रपाळी_ठाणे
पूर्ण डिस्क कशाला दिलीत? मिंट पेन ड्राइव्हवरून नुसतं चालवून बघता येतं, डिस्कला हातही लागत नाही. त्यातच एक फाइल उघडून पाहिली असती तर हे कालच कळलं असतं. माझं ऐका, विंडोज परत टाका, स्मरणिका द्या, मग निवांत प्रयोग करा.

उबुंटू_जुना_भिडू
काय परत टाका? विंडोज १० चे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपले. विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी लागते आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते. चौथ्या पिढीचं मशीन भंगारात द्यायचं का? चांगलं चालतंय ते. केरळात सरकारी शाळांमधलं कॉम्प्युटरचं शिक्षण कित्येक वर्षं मुक्त सॉफ्टवेअरवर चाललंय, आणि आपण एका फाइलीपायी माघार घ्यायची?

रात्रपाळी_ठाणे
माघारीचा प्रश्न नाही. परवा सकाळी गिऱ्हाईक दारात उभं राहणार आहे त्यांच्या.

खिळे_ते_पिक्सेल
जरा थांबा सगळे. ताई, हे तुम्ही त्याच मशीनवरून लिहिताय का? इथलं मराठी नीट दिसतंय? आणि त्या फाइली कशात केल्या होत्या?

अक्षरजुळणी_कराड
हो, त्याच मशीनवरून. इथलं स्वच्छ दिसतंय. फाइली वर्डच्या आहेत. मराठीत टाइप केल्यात, अजून काय सांगू?

खिळे_ते_पिक्सेल
एक करा. मजकुरात "मराठी" हा शब्द कुठे आहे ते तुम्हाला माहीत असेलच. त्याच्या जागी नेमकी कोणती अक्षरं दिसतात ती एकेक करून सांगा. आणि वर फाँटच्या चौकटीत काय नाव येतंय तेही बघा.

अक्षरजुळणी_कराड
पहिल्याच लेखाची पहिली ओळ "मराठी वाचकांची तीन पिढ्यांची ओढ" अशी सुरू होते. पहिल्या शब्दाच्या जागी ई, जे, के, मग मोठा बी, मग एच. चौकटीत कृतिदेव ०५५, पण तिरक्या अक्षरांत.

खिळे_ते_पिक्सेल
सापडलं. घाबरू नका, एक अक्षरही गेलेलं नाही.

फाइलीत खरोखरच ई-जे-के-बी-एच एवढंच साठवलेलं आहे. रेमिंग्टन टाइपरायटरवर ई च्या बटणावर म, जे वर र, के वर काना, मोठ्या बी वर ठ आणि एच वर दुसरी वेलांटी. कृतिदेवनं काय केलं, तर इंग्रजी अक्षरांच्या जागी ही मराठी चित्रं बसवली. फाँट असला की "मराठी", नसला की खालची इंग्रजी अक्षरं उघडी पडतात. लोहित आणि नोटो युनिकोडचे आहेत, म्हणजे ज्या पद्धतीत मराठी अक्षर मराठी म्हणूनच साठवलं जातं तिचे, त्यांचा इथे उपयोग नाही. आणि लिब्रेऑफिस, म्हणजे मिंटवर तुमच्या वर्डच्या फाइली उघडतो तो प्रोग्रॅम, फाँटचं नाव तिरकं दाखवतं ते हेच सांगायला, की हा फाँट या मशीनवर नाही.

तो विंडोजबरोबर पुसला गेला. घरात, दुकानात दुसरं एखादं मशीन आहे का, ज्यावर तुम्ही कृतिदेव वापरता?

अक्षरजुळणी_कराड
वरच्या मजल्यावर भावाचं जुनं आहे. त्यावर पत्रिका करायचो. पण इथेच कुणी तो फाँट पाठवला तर पटकन होईल ना?

खिळे_ते_पिक्सेल
असा कुणाकडून घेऊ नका. एक तर हक्काचा प्रश्न, दुसरं म्हणजे त्याच नावाचे वेगवेगळे फाँट फिरतात आणि एखादं जोडाक्षर भलतंच निघतं. भावाच्या मशीनवर सी ड्राइव्ह, विंडोज, फाँट्स. कृतिदेव नावाच्या सगळ्या टीटीएफ (फाँटच्या) फाइली पेन ड्राइव्हवर घ्या. मिंटवर प्रत्येकीवर डबल क्लिक करा, इन्स्टॉलचं बटण येईल. टर्मिनल उघडायची गरज नाही. मग लिब्रेऑफिस पूर्ण बंद करून पुन्हा उघडा.

उबुंटू_जुना_भिडू
हे म्हणजे दुखणं झाकणं झालं. सगळं युनिकोडमध्ये बदलून घ्या, रूपांतर करणारी साधनं फुकट मिळतात. पुढच्या वेळी पुन्हा हीच रड नको.

खिळे_ते_पिक्सेल
बदलायचं आहेच, पण परवाच्या आधी नाही. कृतिदेवमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते, युनिकोडमध्ये नंतर. रफार अक्षरानंतर टाइप होतो, युनिकोडमध्ये त्याचा र आधी यावा लागतो. साधनं हे बऱ्यापैकी सांभाळतात, पण मी स्वतः एक १२० पानी पुस्तक असं बदललं तेव्हा "दुसऱ्या"चं सगळीकडे "दुसर्या" झालं होतं, सूर्यातल्या रफारासारखं. "कोऱ्या", "वाऱ्यावर", "करणाऱ्या", एकूण एक. म्हणजे ६४ पानांचं मुद्रितशोधन पहिल्यापासून. दोन दिवसांत कोण करणार?

उबुंटू_जुना_भिडू
ते बरोबर आहे. पण नवीन मजकूर तरी कृतिदेवमध्ये करू नका. असल्या फाइलीत "मराठी" शोधलंत तर सापडणार नाही.

माणदेशी_मास्तर
ताई, वर सांगितलेली इनपुट मेथड चालू झाली का? नसेल तर सविस्तर लिहितो.

अक्षरजुळणी_कराड
झालं!! भावाच्या मशीनवरून ११ फाँट आणले, टाकले, स्मरणिका उघडली आणि पहिलं पान जसंच्या तसं. वडिलांनी जुळवलेल्या पानाचा फोटो आहे त्यावर, त्याखालची ओळ वाचली आणि जिवात जीव आला. खिळे_ते_पिक्सेल, मनापासून आभार.

पण ६४ ची ६६ पानं झालीत. हे काय आता?

खिळे_ते_पिक्सेल
मथळे कोणत्या फाँटात आहेत? सगळे कृतिदेवमध्येच?

अक्षरजुळणी_कराड
नाही, मथळे मंगलमध्ये. ते नीट दिसत होते, म्हणून सांगायचं राहिलं.

खिळे_ते_पिक्सेल
मंगल विंडोजबरोबर येतो, मिंटवर नाही. लिब्रेऑफिसनं त्याच्या जागी दुसरा घेतला, त्याची उंची वेगळी, म्हणून ओळी खाली सरकल्या. मथळ्यांना मुक्ता लावा. मुंबईच्या 'एक टाइप' या फाँट बनवणाऱ्या संस्थेचा आहे, मुक्त परवान्याचा. आकार एक-दोन पॉइंटनं कमी करत पानं जुळवा. इंग्रजी मजकूर एरियल किंवा टाइम्समध्ये असेल तर तो हलणार नाही, त्यांच्याच मापाचे लिबरेशन फाँट मिंटवर असतात.

ऑफसेटवाल्याला वर्डची फाइल देऊ नका. लिब्रेऑफिसमधूनच पीडीएफ काढा, वापरलेले फाँट त्यातच बसतात. देण्याआधी ती पीडीएफ दुसऱ्या कुठल्याही मोबाइलवर उघडून जोडाक्षरं बघा.

रात्रपाळी_ठाणे
आणि एकदा कागदावर काढा. स्क्रीनवर चुका दिसत नाहीत.

अक्षरजुळणी_कराड
मथळे १८ वरून १६ वर आणले, ६४ पानं बरोबर बसली. पीडीएफ माझ्या मोबाइलवर पाहिली, कागदावरही काढली. पान ४१ वर एक "श्र" फुटला होता, तो माझ्याच टायपिंगचा घोळ, दुरुस्त केला.

आता एक वेगळंच. आमच्याकडे काकू आहेत, गेली वीस वर्षं रेमिंग्टनवर टाइप करतात, डोळे मिटून. त्यांना युनिकोडवर आणायचं तर इनस्क्रिप्ट नव्यानं शिकावं लागेल का? या वयात ते होणार नाही. मास्तर, तुम्ही आयबसचं म्हणत होतात, त्यात काही आहे का?

माणदेशी_मास्तर
आहे ना. त्याच एम१७एनच्या संचात रेमिंग्टन आहे. बोटं जुनीच ठेवायची, फाइलीत जाईल ते युनिकोड. दोन-चार जोडाक्षरांची बटणं इकडेतिकडे वाटतील, ती कागदावर लिहून कीबोर्डशेजारी चिकटवा. उद्या शाळा सुटल्यावर क्रमवार लिहून टाकतो. काकू संध्याकाळी किती वाजेपर्यंत दुकानात असतात?

अक्षरजुळणी_कराड
सातपर्यंत.