शिरोळ तालुक्यात गावठाणातलं घर, पुराचा विमा आणि बँकेने दिलेली पॉलिसी

नदीकाठ_शिरोळ:
कृष्णेकाठच्या गावात गावठाणात घर आहे. पुढच्या दोन खोल्या आरसीसी, मागचं स्वयंपाकघर जुन्या मातीच्या भिंतींचं आणि वर पत्रा. २०१९ ला जोत्याच्या वर साडेचार फूट पाणी होतं, २०२१ ला तीन फूट. पुढचा भाग बांधताना कर्ज काढलं तेव्हा बँकेने विमा काढून घेतला. त्यात पूर आहे असं तिथले साहेब म्हणतात. घर ग्रामपंचायतीच्या नमुना ८ ला (घरांच्या नोंदवहीत) वडिलांच्या नावावर, कर्ज माझ्या नावावर. ही पॉलिसी पुरेल का? आणि पूरनकाशावरच्या लाल रेषेच्या आतल्या घराला विमा मिळतो का?

जोखीम_आणि_हप्ता:
आधी बँकेकडून पॉलिसीची पूर्ण प्रत मागून घ्या, नुसतं प्रमाणपत्र नको. त्यात तीन गोष्टी बघा. पहिली, तो घराचाच विमा आहे ना. कर्जासोबत बऱ्याचदा कर्जदाराच्या आयुष्याचा विमा गळ्यात मारलेला असतो आणि माणसं त्यालाच घराचा विमा समजतात. दुसरी, विमा रक्कम. ती उरलेल्या कर्जाएवढी असेल तर घराचा बाकीचा भाग उघडाच. तिसरी, मुदत. कर्ज वीस वर्षांचं आणि पॉलिसी केव्हाच संपलेली, हे नेहमीचं.

स्वतः घ्यायची तर ‘भारत गृह रक्षा’ मागा. १ एप्रिल २०२१ पासून आग आणि संलग्न धोक्यांचा विमा विकणाऱ्या सगळ्या साधारण विमा कंपन्यांना ही प्रमाणित पॉलिसी ठेवावी लागते, मूळ मजकूर सगळीकडे तोच. पूर आणि पाणी साचणं मूळ धोक्यांतच येतं.

विमा रक्कम बाजारभावावर काढायची नसते, जागेची किंमत त्यात धरत नाहीत. चटई क्षेत्र गुणिले आजचा बांधकाम दर. उदाहरणार्थ ९०० चौरस फूट आणि दर १,८०० रुपये धरला तर १६,२०,०००. घरसामानाला इमारतीच्या रकमेच्या २० टक्के आपोआप मिळतात, म्हणजे इथे ३,२४,०००, आणि कमाल १० लाख. त्याहून जास्त हवं तर यादी द्यावी लागते. रक्कम थोडी कमी लिहिली गेली म्हणून दावा त्या प्रमाणात कापत नाहीत, ही या पॉलिसीतली सगळ्यात चांगली गोष्ट. मात्र क्षेत्रफळ खोटं लिहू नका.

कंपाउंड, सेप्टिक टँक, पाण्याची टाकी, बायोगॅस, छतावरचं सोलर हे त्याच जागेत असेल तर इमारतीत धरतात. गाडी, जनावरं, विक्रीसाठी भरून ठेवलेलं धान्य यांची भरपाई घरसामानातून मागू नका. दागिन्यांसाठी वेगळं जोड संरक्षण घ्यावं लागतं. पुढच्या खोलीत दुकान असेल तर त्याला ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ वेगळी.

पूररेषेचं म्हणाल तर पॉलिसीच्या मजकुरात लाल-निळ्या रेषेचा उल्लेख नाही. पण जोखीम घ्यायची की नाही, किती दराने, हे कंपनी ठरवते. प्रस्ताव अर्जात आधीच्या नुकसानीचा प्रश्न असतो. तिथे २०१९ आणि २०२१ दोन्ही लिहा. एजंट म्हणेल ‘सोडून द्या, हप्ता वाढेल’. दावा नाकारायला कंपनीला याहून सोपं कारण मिळत नाही.

आणि मे संपायच्या आत घ्या. हप्ता जमा झाल्याशिवाय जोखीम सुरू होत नाही, विमा कायद्याचं कलम ६४ व्हीबी आहे तसं. नदी पात्राबाहेर आल्यावर अर्ज केलात तर कंपनी तो बाजूला ठेवू शकते.

बांध_आणि_पातळी:
पूररेषेबद्दल थोडं. निळी रेषा साधारण २५ वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतल्या पुराची. नदी ते निळी हे निषेधक क्षेत्र (बांधकामाला मनाई), निळी ते लाल नियंत्रित (अटींवर बांधकाम). तुम्ही कुठे आहात ते पाटबंधारे विभागाच्या नकाशावर गट क्रमांकासकट बघा. निळीच्या आत असाल तर पडलेली भिंत पुन्हा उभी करताना परवानगी अडू शकते. विम्याचे पैसे हातात आले तरी ती अडचण सुटत नाही.

रोजच्या कामाला मात्र रेषेपेक्षा उंबऱ्याचा आकडा उपयोगी, म्हणजे नदी किती फुटांवर गेली की पाणी तुमच्या उंबऱ्याला लागतं. आयर्विन पुलाला इशारा ४० फूट, धोका ४५. राजाराम बंधाऱ्याला ३९ आणि ४३. हे आकडे सांगली आणि कोल्हापूरचे, तुमच्या घराचे नाहीत. शिरोळमध्ये कृष्णा आणि पंचगंगा या दोन्ही नद्यांचं पाणी नृसिंहवाडीला एकत्र येतं, त्यामुळे नुसत्या एका मोजपट्टीवर विसंबू नका. घराला सगळ्यात जवळची, प्रवाहाच्या खालच्या बाजूची पट्टी धरा. समजा तिच्यावर २०१९ ची कमाल पातळी ६० फूट नोंदली आहे. जोत्यावर साडेचार फूट पाणी होतं, म्हणजे उंबऱ्याला पाणी साधारण साडेपंचावन्नला लागतं. २०२१ चा आकडा घेऊन तीच वजाबाकी करा. दोन उत्तरांत फुटाहून जास्त फरक आला तर कमी आकडा धरा.

दुसरा आकडा त्याहून महत्त्वाचा: गावाचा रस्ता किती पातळीला बंद होतो. बहुतेक ठिकाणी रस्ता उंबऱ्याच्या कितीतरी आधी जातो. फ्रीज, धान्याच्या कोठ्या, जनावरं हलवायची ती या दुसऱ्या आकड्याच्या आधी.

साधा_शेतकरी:
एवढं करण्यापेक्षा सरकारी मदत मिळतेच की.

जोखीम_आणि_हप्ता:
मिळते, पण तिचे आकडे बघा. २०२२-२६ च्या आपत्ती निधीच्या निकषांत मैदानी भागात पूर्ण पडलेल्या पक्क्या घराला १,२०,०००. अंशतः पडझड, तीही किमान १५ टक्के, तर पक्क्याला ६,५०० आणि कच्च्याला ४,०००. कपड्यांना २,५००, भांड्यांना २,५००. राज्य कधी वर भर घालतं, पण तो त्या वर्षीच्या शासन निर्णयावर. आरसीसी घर सहसा पडत नाही. प्लास्टर, फरशी, दारं, वायरिंग जातं. ते सगळं त्या ६,५०० च्या रकान्यात.

नदीकाठ_शिरोळ:
समजलं. मातीच्या भिंतीचं काय? एजंट म्हणतो कच्चं बांधकाम चालत नाही.

बांध_आणि_पातळी:
कच्च्या बांधकामाच्या व्याख्येत लाकडी फळ्या, बांबू, गवत, ताडपत्री, प्लास्टिक असले प्रकार दिलेले असतात. तुमच्या मातीच्या भिंतीबद्दल कंपनीचं उत्तर ईमेलवर लेखी घ्या आणि अर्जात ‘पुढे आरसीसी, मागे मातीची भिंत, पत्रा’ असं क्षेत्रफळासह वेगवेगळं लिहा. सगळं आरसीसी दाखवून घेतलेली पॉलिसी मागची भिंत पडल्यावर कामाची नाही.

बांधकामाच्या बाजूने सांगायचं तर इथला पूर दिवसचे दिवस उतरत नाही, आणि माती भिजत राहते. भिंत बहुतेक वेळा पाणी ओसरताना बसते, चढताना नाही. म्हणून पाणी गेल्या गेल्या मागच्या खोलीत झोपायला जाऊ नका. पुढे कधी काम काढलंत तर मागचा भाग निदान जोत्यापर्यंत सिमेंटात घ्या आणि मीटर, बोर्ड, सॉकेट २०१९ च्या खुणेच्या वर फूटभर न्या.

पंचनामा_ते_चेक:
दाव्यात चुकतं ते बहुतेक पहिल्या दोन दिवसांत. माणसं घर धुऊन चिखल आणि भिजलेलं सामान उकिरड्यावर टाकतात, मग सर्वेअर (नुकसान मोजायला कंपनी पाठवते तो) येतो आणि त्याला रिकामी खोली दिसते. कंपनीला त्याच दिवशी कळवून दावा क्रमांक घ्या. धुण्याआधी प्रत्येक खोलीचे चार कोपरे, भिंतीवरची पाण्याची रेघ टेप लावून, आणि उपकरणांच्या नंबर प्लेटचे फोटो काढा. कुजणारं टाकावं लागलंच तर फोटो काढून, कंपनीला कळवून टाका. तलाठ्यांच्या पंचनाम्याची प्रत घ्या. त्यात ‘घरात पाणी शिरले’ एवढंच नको, किती फूट आणि किती दिवस ते लिहून मागा.

काळ्या मातीत अजून एक भानगड आहे. जमीन वाळताना आकसते आणि तडे दोन-तीन आठवड्यांनी दिसतात, सर्वेअर येऊन गेल्यावर. बांधकामाचं नेहमीचं बसणं आणि त्याचे साधे तडे पॉलिसीत बसत नाहीत, म्हणून कंपनी ते जुने तडे म्हणते. यासाठी दर मे महिन्यात घराच्या आतल्या-बाहेरच्या भिंतींचे तारखेसह फोटो काढून ठेवा, आणि नवा तडा दिसताच त्याच दावा क्रमांकावर लेखी पुरवणी द्या. ‘संपूर्ण व अंतिम’ असं छापलेल्या पावतीवर त्याआधी सही करू नका.

तुमचं नावाचं प्रकरणही आत्ताच मिटवा. मालक वडील, कर्जदार तुम्ही, तर पॉलिसीत विमाधारक म्हणून वडिलांचं नाव असायलाच हवं, तुमचं सोबत. नाहीतर घर एकाचं आणि विमा दुसऱ्याचा, या वादात दावा अडकू शकतो.

दावा नाकारला किंवा कापला तर आधी कंपनीच्या तक्रार कक्षाकडे लेखी. महिन्याभरात उत्तर नाही किंवा पटलं नाही तर पुण्याचं विमा लोकपाल कार्यालय. फी नाही, वकील लागत नाही, मर्यादा ५० लाख. कंपनीच्या अंतिम उत्तरापासून एक वर्षाच्या आत अर्ज जायला हवा.