मदत हवी आहे : कापसाचे पैसे हातात आले, कर्ज डोक्यावर आहे, दशमांश (देवासाठीचा दहावा भाग) कशावर काढायचा?

प्रभूमध्ये सलाम.

शहाद्याच्या बाजूला आमची तीन एकर कोरडवाहू आहे. वडील दोन वर्षांपूर्वी प्रभूकडे गेले, तेव्हापासून हिशोब माझ्याकडे. गेल्या आठवड्यात शेवटची वेचणी विकली. एकूण १४ क्विंटल कापूस झाला, सरासरी ७,१०० चा भाव मिळाला, म्हणजे ९९,४०० रुपये. खर्च वहीतून उतरवतो : बियाणं आणि खत २४,०००, फवारणी ९,५००, निंदणी-कोळपणी १४,५००, वेचणी किलोला १० रुपयांनी १४,०००, गाडीभाडं-हमाली ४,०००. एकूण ६६,०००. हाती राहिले ३३,४००.

आता अडचण. आलेल्या सगळ्या पैशांवर दशमांश काढला तर ९,९४० होतात. खर्च वजा करून काढला तर ३,३४०. मधला फरक ६,६०० चा, आणि आमच्या घरात तेवढ्यात दोन महिन्यांचा किराणा होतो.

वर कर्ज आहे. विकास सोसायटीचं पीककर्ज ६०,०००, ते ३१ मार्चच्या आत भरायचं. बायकोच्या नावावर गटाचं मायक्रोफायनान्सचं कर्ज, २८,००० बाकी, पंधरा दिवसांनी १,२५० चा हप्ता. आणि निंदणीच्या बायकांचे ३,२०० अजून द्यायचे आहेत, "कापूस विकला की देतो" असं सांगून ठेवलंय.

वडिलांचं मला आठवतं ते असं. दादरचं (रब्बी ज्वारीचं) खळं झालं की घरात एक दाणा यायच्या आधी पहिल्या पाट्या मंडळीसाठी (चर्चसाठी) बाजूला निघायच्या. त्यांनी कधी वजाबाकी केली नाही. मीही लहानपणापासून तेच खरं मानत आलो. पण यंदा वही घेऊन बसलो तेव्हा जाणवलं की त्यांचं बियाणं घरचं होतं, शेणखत घरचं, औत घरचं, राबणारेही घरचेच. खळ्यावर जे पडायचं ते जवळजवळ सगळं त्यांचंच असायचं. माझ्या ९९,४०० मधले ६०,००० सोसायटीचे आहेत. त्यातून मी दान दिलं तर कोणाचे पैसे देवापुढे ठेवतोय? हा प्रश्न पडल्यापासून झोप नीट लागत नाही.

पाळकसाहेबांना (चर्चच्या धर्मगुरूंना) विचारलं. ते म्हणाले, विश्वासाने दे, देव बघून घेईल. त्यांच्या मनात खोट नाही हे मला माहीत आहे. पण बायको म्हणते, हप्ता चुकला तर गटातल्या बाकीच्या बायका आपल्या दारात येतील, त्यांना काय सांगायचं? तिचंही चुकत नाही.

आणखी एक. चुलतभाऊ पतसंस्थेतून दीड लाख काढतोय आणि मला जामीन राहायला सांगतोय. नात्यात नाही म्हणणं फार जड जातंय. दोन्ही बाबतीत अनुभवी माणसांनी स्पष्ट सांगावं.

प्रतिसाद (भुसावळ, रेल्वेतून निवृत्त, काही वर्षं मंडळीचा खजिनदार)

भाऊ, आधी त्या बायकांचे ३,२०० द्या. बायबलमधल्या मलाखीच्या पुस्तकात तिसऱ्या अध्यायातलं दहावं वचन दशमांशासाठी सगळ्यांना पाठ असतं. त्याच अध्यायातलं पाचवं काढून वाचा. मजुराची मजुरी दाबणाऱ्यांविरुद्ध देव साक्ष देईन म्हणतो. अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या २४ व्या अध्यायात तर मजुरी सूर्य मावळायच्या आत द्यायला सांगितली आहे.

कर्जाबद्दल बायबलमधलंच २ राजे हे पुस्तक, चौथा अध्याय. विधवेच्या घरी तेल वाढलं, तेव्हा अलीशा संदेष्ट्याने तिला काय सांगितलं? तेल विक, कर्ज फेड, आणि उरेल त्यावर तू आणि मुलं जगा. तो चमत्कार होता, तरी आधी सावकाराचं देणं भागवायला सांगितलं.

मला विचाराल तर यंदा ३३,४०० वर काढा आणि मन मोकळं ठेवून द्या. २ करिंथ ८:१२ मध्ये पौल लिहितो की जवळ असेल त्याप्रमाणे दिलेलं मान्य होतं, नसेल त्याप्रमाणे नाही.

प्रतिसाद (नवापूर)

मला हे पटत नाही. दान शेवटी उरेल त्यातून द्यायचं ठरवलं की काही उरत नाही, हे आमच्या घरात मी पाहिलंय. आमच्याकडे आई भाताच्या पहिल्या कापणीतूनच बाजूला काढते, कर्ज असो नसो. रक्कम थोडी ठेवा, पण ती पहिली निघू द्या. सोसायटीत जायच्या आधी.

प्रतिसाद (धुळे, बँकेत नोकरी)

दादा, मी फक्त पैशांचं सांगते. सोसायटी अजिबात चुकवू नका. तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज वेळेत भरलं तर राज्याच्या व्याज सवलतीमुळे ते शून्य टक्क्याने पडतं. तारीख गेली की सवलत गेली, आणि पुढच्या हंगामाचं कर्जही अडतं. मग उरलेल्यातून वहिनींचं गटाचं कर्ज जमेल तेवढं आधीच फेडा, कारण व्याज तिथेच जास्त आहे. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे मायक्रोफायनान्स कर्ज मुदतीआधी फेडल्यास दंड घेता येत नाही. कोणी मागितला तर लेखी मागा.

जामीन राहू नका. करार कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. भावाने दोन हप्ते थकवले की नोटीस तुमच्याही घरी येते. नीतिसूत्रांच्या सहाव्या अध्यायात तर जामीन राहून अडकलेल्याला हरणासारखी सुटका करून घ्यायला सांगितलंय. भावाला मदत करायची असेल तर देऊन विसरता येईल एवढी रक्कम हातात द्या.

धागा काढणारा

सगळ्यांचे आभार. काल संध्याकाळी निंदणीचे पैसे घरोघरी जाऊन दिले. एक मावशी म्हणाली, मला वाटलं आता आखाजीलाच (अक्षय्य तृतीयेलाच) मिळतील. ऐकून मान खाली गेली.

नवापूरच्या भावाचं म्हणणं मनात राहिलं. ३,३४० पाकिटात घालून वडिलांच्या पवित्र शास्त्रात ठेवलेत, सोसायटीत जायच्या आधी. रविवारी थैलीत टाकीन. ताईंनी सांगितलं तसं बायको सोमवारी गटाच्या साहेबांना मुदतीआधी फेडीबद्दल विचारणार आहे.

चुलतभावाला अजून सांगितलेलं नाही. काकांसमोर हे कसं बोलायचं, हे कोणी अशातून गेलं असेल तर जरूर लिहा. तो शनिवारी येतोय.