क्लोरीननंतर ई. कोलाय टीएसएवर वाढतात, मॅककॉन्कीवर नाही: मेले किती धरायचे?

मांडवी_मायक्रो
बडोद्यात एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी हायपोक्लोराइटचा (क्लोरीनवाल्या जंतुनाशकाचा) ई. कोलाय या जीवाणूवरचा परिणाम बघतेय. सस्पेन्शनमध्ये ०.५ मिग्रॅ/लिटर क्लोरीन, ५ मिनिटांनी क्लोरीन थांबवायला थायोसल्फेट, मग स्प्रेड प्लेट (माध्यमावर पसरून कॉलनी मोजणं). एकाच डायल्यूशनमधून टीएसएवर (साधं पोषक माध्यम, ट्रिप्टिक सोय अगार) मोजण्याजोग्या कॉलनी येतात, मॅककॉन्कीवर (ठरावीक जीवाणूच वाढू देणारं निवडक माध्यम) जेमतेम एखाद-दुसरी. क्लोरीन न दिलेल्या कंट्रोलमध्ये मात्र दोन्ही आकडे जवळपास सारखे. टीएसएवर बाहेरचं काही वाढतंय का? आणि लॉग रिडक्शन (जिवंत पेशी किती वेळा दहापट घटल्या तो आकडा) कुठल्या प्लेटवरून काढायचं?

फतेगंज_लॅब
कंट्रोलमध्ये दोन्ही सारखे येतात, म्हणजे मॅककॉन्की निरोगी ई. कोलायला अडवत नाही. अडतात ते जखमी. ग्रॅम-निगेटिव्हचं बाहेरचं आवरण शाबूत असेपर्यंत पित्तक्षार आणि क्रिस्टल व्हायोलेट आत शिरत नाहीत. क्लोरीनने ते आवरण फाटलं की हेच घटक, जे एरवी दुसऱ्या जीवाणूंना रोखायला घातलेले असतात, ई. कोलायलाच मारतात. वेळ आणि पोषण मिळालं तर आवरण दुरुस्त होतं. टीएसएवर ते मिळतं.

बाहेरचं आहे का याची खात्री सोपी आहे: टीएसएवरच्या दहा-बारा कॉलनी उचलून मॅककॉन्कीवर रेघा. दुसऱ्या दिवशी सगळ्या छान गुलाबी आल्या तर बहुधा बाहेरचा संसर्ग नाही, त्या बऱ्या झालेल्या पेशी आहेत.

लॉग रिडक्शन टीएसएवरून काढा. जखमींची टक्केवारी = (टीएसए − मॅककॉन्की) ÷ टीएसए × १००, आणि ती वेगळी लिहा. नुसता मॅककॉन्कीचा आकडा दिलात तर जंतुनाशक आहे त्याहून भारी दिसेल. पुष्कळ जाहिराती अशाच बनतात.

न्यूट्रलायझर
वरचं बरोबर, पण आधी पाया तपासा. कल्चर ब्रॉथमधून थेट घेतलंत का? ब्रॉथमधलं ट्रिप्टोनच क्लोरीन खाऊन टाकतं, मग ०.५ घातलं तरी मिनिटभराने शिल्लक किती, देव जाणे. पेशी फॉस्फेट बफरमध्ये दोनदा धुवा आणि संपर्काच्या शेवटी डीपीडीने (क्लोरीनची रंग-चाचणी) उरलेलं क्लोरीन मोजा. घातलेला डोस नाही, उरलेला आकडा महत्त्वाचा.

थायोसल्फेटसाठी दोन कंट्रोल लागतातच. एक, थायोसल्फेट + पेशी: ते स्वतः घातक नाही ना. दोन, आधी क्लोरीन + थायोसल्फेट, मग पेशी: क्लोरीन पूर्ण संपतं ना. दोन्हीत साध्या कंट्रोलच्या निदान ७० टक्के कॉलनी यायला हव्यात. पाण्याच्या नमुन्याला १२० मिलीच्या बाटलीत ३ टक्क्यांचं ०.१ मिली पुरतं, ते ५ मिग्रॅ/लिटरपर्यंतचं क्लोरीन संपवतं. पुढे बेंझाल्कोनियम क्लोराइड हे दुसरं जंतुनाशक घ्याल तर थायोसल्फेट निरुपयोगी. ते निष्प्रभ करायला लेसिथिन आणि ट्वीन ८० लागतं.

मांडवी_मायक्रो
धन्यवाद. पेशी धुतल्या नव्हत्या, आता धुते. टाकीच्या पाण्यावरही हेच करायचं आहे, तिथे टीएसएवर सगळंच वाढेल. आधी ब्रॉथमध्ये दोन तास ठेवून मग मॅककॉन्की केलं तर?

फतेगंज_लॅब
मोजणी असेल तर नको. चांगल्या ब्रॉथमध्ये निरोगी ई. कोलाय २० मिनिटांत दुप्पट होतो. दोन तासांत जखमी सावरतात खरे, पण निरोगी तोवर कितीतरी पट होतात आणि आकडा फुगतो. नुसतं आहे की नाही बघायचं असेल तर ब्रॉथ ठीक. मोजायचं असेल तर दुरुस्ती घट्ट माध्यमावरच करा. तिथे पेशी वाढली तरी कॉलनी एकच राहते.

टीएसएवर स्प्रेड करा, दोन तास २५ अंशांना ठेवा, मग ४५ अंशांपर्यंत निववलेलं व्हीआरबीए (मॅककॉन्कीसारखंच पित्तक्षारवालं निवडक माध्यम) पातळ थरात वर ओता. ५० अंशांचं ओतलंत तर अर्धमेल्यांना तिथेच संपवाल. आणि पुस्तकात 'रूम टेम्परेचर' लिहिलंय म्हणून मे महिन्यात बडोद्यात प्लेट टेबलावर ठेवू नका, तो इन्क्युबेटरच होतो.

डायल्यूशनला डिस्टिल्ड वॉटर नको, ०.१ टक्का पेप्टोन घ्या आणि वीसेक मिनिटांत प्लेटिंग उरका.

पेट्रीवाली
एक राहिलं: पायरुव्हेट. उजेडात पडलेल्या प्लेटांमध्ये हायड्रोजन पेरॉक्साइड साचतं आणि जखमी पेशींचं कॅटॅलेज (ते पेरॉक्साइड तोडणारं एन्झाइम) कमी पडतं. पायरुव्हेट ते पेरॉक्साइड संपवतं. टीएसएमध्ये लिटरला १ ग्रॅम सोडियम पायरुव्हेट घाला. माध्यमाबरोबर ऑटोक्लेव्ह चालतं. कॅटॅलेज वापराल तर ते गाळून निर्जंतुक करून नंतर पसरायचं, ऑटोक्लेव्हमध्ये ते टिकत नाही. प्लेटा ताज्या घ्या आणि अंधारात ठेवा. आर२ए या कमी पोषणाच्या माध्यमात लिटरला ०.३ ग्रॅम पायरुव्हेट आधीच असतं, पण ते माध्यम पाण्यातल्या एकूण जीवाणूंच्या मोजणीसाठी, ५-७ दिवसांचं काम. ई. कोलायसाठी टीएसए बरं.

जखमींच्या कॉलनी उशिरा येतात, त्यामुळे २४ तासांनी मोजून प्लेटा टाकू नका. ४८ तासांनी पुन्हा मोजा. आकडा वाढला तर तोच धरा.