मदत हवी आहे : सी ड्राइव्ह आपोआप भरतोय, कोण भरतंय ते सापडत नाही

नमस्कार मंडळी,

माझं डीटीपीचं दुकान आहे. जुनं पेजमेकर (पानं जुळवायचं सॉफ्टवेअर) आणि त्यातल्या वीस वर्षांच्या फायलींपायी एक पीसी अजून विंडोज ७ वरच ठेवलाय. (त्याचा सपोर्ट जानेवारी २०२० मध्येच संपला हे माहीत आहे, त्यावरून शाळा घेऊ नका.)

सी म्हणजे १२० जीबीचा एसएसडी, दिसायला १११. कामाच्या फायली सगळ्या डी ला. तरी पंधरवड्यापासून सी ची पट्टी लाल. परवा ४ जीबी मोकळे करून शटर ओढलं, पीसी चालूच राहिला. सकाळी बघतो तर शंभर एमबीही शिल्लक नाहीत. पत्रिका सेव्ह होईना आणि नवरीचे मामा समोर खुर्चीत!

डिस्क क्लीनअप करून झालं, दीड जीबी मिळाले. माझ्या युजरचं टेम्प (तात्पुरत्या फायलींचं) फोल्डर रिकामं केलं. हायबरनेट (पीसी बंद करताना रॅममधलं सगळं डिस्कवर उतरवून ठेवायची सोय) बंद केलं, रॅम ८ जीबी असल्याने त्याचे ६ सुटले, तेही दुसऱ्या दिवशी गायब. अँटीव्हायरस रात्रभर फिरवला, काही नाही. चक्रावून टाकणारी गोष्ट अशी की सी मधली सगळी फोल्डरं निवडून प्रॉपर्टीज बघितली तर बेरीज जेमतेम ४५ जीबी येते. मग बाकीचे ६५ कुठे गेले?

भाचा म्हणतो, फॉरमॅट मार. पण पेजमेकरची सीडी कुठल्या माळ्यावर आहे देव जाणे. जाणकारांनी मार्ग दाखवावा.

प्रतिसाद १

फॉरमॅट अजिबात नको. बेरीज जुळत नाही कारण काही फोल्डरं अॅडमिनशिवाय वाचताच येत नाहीत. विझट्री (कुठल्या फोल्डरने किती जागा खाल्ली ते दाखवणारं सॉफ्टवेअर) उतरवा, राइट क्लिक करून 'रन अॅज अॅडमिनिस्ट्रेटर' ने चालवा. माझा संशय विंडोज फोल्डरातल्या टेम्पवर आहे. तुम्ही साफ केलंत ते युजरचं टेम्प, हे वेगळं. तिथे 'कॅब', अंडरस्कोर आणि पुढे आकडे अशा नावांच्या फायली आहेत का?

धागाकर्ता

आहेत! सहाशेच्या वर, प्रत्येकी साधारण १०० एमबी. वेळ बघितली तर दर वीसेक मिनिटांनी एक. रिसोर्स मॉनिटरच्या डिस्क टॅबमध्ये मेककॅब नावाचं काहीतरी सतत लिहितंय. व्हायरस का?

प्रतिसाद १

नाही हो, घरचाच माणूस आहे. विंडोज अपडेटच्या घडामोडींची नोंदवही म्हणजे सीबीएस लॉग. ती साधारण ५० एमबीची झाली की बाजूला काढून मेककॅब तिची गुंडाळी करून कॅब फाइल बनवतो. पण कॅबमध्ये २ जीबीहून मोठी फाइल बसत नाही. वही वेळेवर बाजूला निघाली नाही आणि २ जीबीपुढे गेली, की गुंडाळी अर्ध्यात फसते, अर्धवट फाइल टेम्पमध्ये तशीच राहते आणि थोड्या वेळाने गडी पुन्हा पहिल्यापासून सुरू. डिस्क संपेस्तोवर.

तेव्हा नुसत्या कॅब फायली उडवून भागणार नाही. आधी सर्व्हिसेसमध्ये जाऊन 'विंडोज मॉड्यूल्स इन्स्टॉलर' थांबवा. मग विंडोजमधल्या लॉग्ज फोल्डरात सीबीएस उघडा आणि तिथला अगडबंब लॉग उचलून डी ला टाका. त्यानंतर टेम्पमधल्या कॅब उडवा आणि रीस्टार्ट. जागेच्या मोहात विंडोजमधल्या विनएसएक्सएस (विंडोजचे स्वतःचे भाग इथे असतात) आणि इन्स्टॉलर या फोल्डरांना मात्र हात लावू नका, तिथलं हाताने उडवलेलं फार महागात पडतं.

धागाकर्ता

झालं! लॉग २.३ जीबीचा निघाला. उघडायला गेलो तर नोटपॅडने साफ नकार दिला. आता सी वर ६७ जीबी मोकळे, दोन दिवस झाले तरी टेम्पमध्ये एकही नवीन कॅब नाही. नवा लॉग ३ एमबीवर आहे. डी ला ठेवलेला जुना उडवला तर चालेल ना?

प्रतिसाद १

खुशाल उडवा. आणि पेजमेकरची सीडी सापडली की आधी तिची इमेज (अख्ख्या सीडीची हुबेहूब प्रत एका फायलीत) काढून ठेवा.