पाच-तीस टाका म्हणे! जुन्या ट्रकला पातळ ऑइल: करायचं की नाही?

कळंबोली_रिटर्न (आडगाव नाका)
काल इथे एका भाऊंनी इंजिन ऑइलच्या जाडीच्या नंबरांवर (१५डब्ल्यू-४०, ५डब्ल्यू-३०) लिहिलं, "अजून पंधरा-चाळीस ओतणारे मालक मागच्या शतकात राहतात. पाच-तीस सिंथेटिक टाका, हाफ सेल्फ स्टार्ट, वर डिझेल वाचतं. गाडी जुनी असो की नवी, फरक नाही." खाली अंगठ्यांची रांग. त्या "फरक नाही"वर माझं डोकं फिरलं, म्हणून हे लांबलचक.

आमची २००७ची टाटा १६१३, कमिन्सचं सहा सिलिंडर, एकदा हाफ इंजिन, म्हणजे अर्धं ओव्हरहॉल, झालेलं. जाताना कांदा, येताना कळंबोलीचं लोखंड अंबडला. गेल्या एप्रिलात धाकट्या भावानं असंच कुणाचं ऐकून पाच-तीस भरलं. लोखंड घेऊन भरदुपारी कसारा चढलो, घोटीच्या टोलला ही रांग. गाडी न्यूट्रल, पाय ब्रेकवर, आणि ऑइल प्रेशरचा काटा हळूहळू बसायला लागला. मग लाल दिवा मिणमिणला. रेस दिली की विझतो, सोडली की पेटतो. मागचा हॉर्न मारतोय, क्लीनर माझ्या तोंडाकडे बघतोय. त्या वीस मिनिटांत जेवढे देव आठवले तेवढे कुशावर्तात उभं राहूनही आठवले नव्हते.

ह्या नंबरातला पहिला आकडा थंडीचा. पंधरावाल्या तेलात सेल्फ फिरेल का, हे उणे २० डिग्रीला तपासतात, पाचवाल्याचं उणे ३०ला. निफाडचा पारा पाचावर आला तरी पेपरात शेकोटीचे फोटो येतात. उणे वीस कुणी बघितलंय इथे? दुसरा आकडा १०० डिग्रीला तेल किती जाड राहतं त्याचा, आणि घाटात आपल्याला तोच लागतो. तिथे चाळीसचं तीस करणारा माणूस माझ्या बेअरिंगचे पैसे देणार आहे का?

द्राक्षगाडी (पिंपळगाव)
काल लिहिणारा मीच. अंगठे मोजलेत, आता ऐका.

उणे वीसचा हिशोब पाठ केलात, पण अर्धाच. तेल उणे वीसलाच घट्ट होतं आणि पाच डिग्रीला पाण्यासारखं असतं, असं नाही ना? जानेवारीत पहाटे चारला बागेतून माल उचलायचा असतो. पंधरावालं तेल वरपर्यंत पोहोचेस्तोवर टॅपेट कडकड वाजतात, दहावाल्यात तो आवाज लगेच थांबतो. रोज कानानं ऐकतो.

दुसरं, प्रेशर म्हणजे वंगण नव्हे. पातळ तेल सहज वाहतं म्हणून काटा खाली दिसतो. आणि भावानं ओतलं ते कारचं असणार, खरं सांगा.

कळंबोली_रिटर्न
हो, कारचं होतं. शोरूममधल्या मित्राकडून स्वस्तात मिळालं म्हणून. पण तुम्ही तरी कुठे लिहिलं होतं की ट्रकचं घ्या? नुसतं "पाच-तीस टाका"! आणि काटा खाली दिसला तर चालेल, लाल दिवा लागलेला नाही चालत. दिवा काय शोभेला बसवलाय?

पट्टीबघ_अण्णा (सिन्नर)
पोरांनो, आम्ही एकेरी चाळीस नंबर टाकून गाड्या चालवल्या. नंतर वीस-पन्नास. रोज सकाळी तेल मोजायची पट्टी (डिपस्टिक) काढायची, फडक्याला पुसायची, परत घालून बघायची. आता ड्रायव्हर पट्टी कुठे असते ते मोबाईलवर शोधतो. तेल जाड-पातळ नंतर, आधी पट्टी बघा.

दोन_गाड्यांचा_मालक (सातपूर)
जाड-पातळ सोडा हो, डब्यात तेच तेल आहे का ते सांगा! मोकळा डबा भंगारवाला कशाला विकत घेतो, विचार केलाय कधी? चांगला, सील न फाटलेला डबा असेल तर भाव जास्त. पुढे तो कुठे जातो आणि त्यात काय भरून परत येतो ते तुम्हीच समजा. मी स्वतः एका ठिकाणाहून (नाव घेत नाही) वीस लिटरची बादली आणली. हजार किलोमीटरमध्ये तेल काळं, ठीक आहे, डिझेलचं होतंच. पण बोटात धरलं तर चिकटपणाच नाही, रॉकेल लावल्यासारखं. आणि वर मिस्त्रीचं कूपन! डब्यातलं कूपन त्याला मिळतं म्हणून तो तोच ब्रँड सुचवतो. तेलाचा ग्रेड गाडी ठरवत नाही, कूपन ठरवतं.

फिटरचा_पोरगा (द्वारका)
मालक, जिभेला लगाम घाला. माझा बाप तीस वर्षं ह्याच रस्त्यावर चेंबरखाली झोपून काम करतोय. एका कूपनवर चहा-वडापाव होतो, बंगला नाही. तुम्ही मजुरीत पन्नास रुपयांसाठी अर्धा तास घासाघीस करता, मग तो कूपनच बघणार. शिवाय "खुलं तेल टाक, स्वस्तात पडतं" असं मिस्त्री नाही, मालकच सांगतात. बॅरलमधून मगानं.

दोन_गाड्यांचा_मालक
मी कधी खुलं टाकलं? माणूस दाखवा.

फिटरचा_पोरगा
तुमचं नाव घेतलं का मी? टोचलं म्हणजे...

पट्टीबघ_अण्णा
मोकळ्या डब्याला खिळ्यानं भोक पाडायचं आणि सील फाडायचं. भांडण संपलं.

दोन_गाड्यांचा_मालक
अण्णा, भोक पाडलं की भंगारवाला घेत नाही, पाच-पन्नास रुपये गेले. तरी पाडतो मी. माझ्या पैशानं मीच पुढच्याला फसवणार नाही. पण कूपन डब्यावर नको, बिलावर द्या, एवढंच म्हणणं होतं. मिस्त्रीशी वैर नाही.

फिटरचा_पोरगा
बिल म्हणे! बिल मागितलं की तुम्हीच म्हणता जीएसटी कशाला.

द्राक्षगाडी
धागा ऑइलचा आहे, कूपनचा नाही. तरी आता एकदाच सांगतो, म्हणजे कळंबोलीवाल्यांची झोप लागेल. सगळे तीस सारखे नसतात. १५० डिग्रीला, वेगानं फिरणाऱ्या बेअरिंगमध्ये तेलाचा थर किती टिकतो त्याची वेगळी तपासणी असते, एचटीएचएस. पंधरा-चाळीसला किमान ३.७ (सेंटीपॉइज, घट्टपणाचं माप) लागतं. साध्या तीसला २.९ पुरतं, भावानं ओतलं ते बहुधा ह्यातलंच. पण २०१६च्या शेवटी आलेल्या सीके-४ दर्जाचं (डिझेल गाड्यांच्या तेलाचा दर्जा) दहा-तीस असेल तर किमान ३.५. म्हणजे ३.७ आणि ३.५! एवढ्यासाठी कुशावर्त? माझी गाडी वर्षभर ह्यावर आहे, पावणेपाचचा अ‍ॅव्हरेज पाचला टेकला.

कळंबोली_रिटर्न
हे कालच लिहिलं असतं तर मी रात्री अकरापर्यंत टाइप करत बसलो नसतो. काल "पाच-तीस, फरक नाही", आज "दहा-तीस, पण सीके-४". ह्याला आमच्याकडे पलटी म्हणतात.

अ‍ॅव्हरेजचं मात्र सांगू नका. टायरमध्ये हवा किती होती? परतीला माल होता का रिकामी? ड्रायव्हर तोच? गेल्या दिवाळीत मी फक्त एअर फिल्टर बदलला तर माझाही पाव किलोमीटर वाढला होता, तेव्हा मी तेलाला श्रेय दिलं नव्हतं.

द्राक्षगाडी
रिकामी नव्हती, अर्धी भरलेली. बरं, थोडं फिल्टरचंही असेल. मी पण त्याच वेळी बदलला होता.

कळंबोली_रिटर्न
हा हा हा.

फिटरचा_पोरगा
बापाला विचारलं. ते म्हणाले, ज्या इंजिनाचा ब्रीदर (आतली हवा बाहेर सोडणारी नळी) धूर टाकतोय, जे हजार किलोमीटरला लिटर तेल खातंय, तिथे दहा-तीस टाकलं तर दीड लिटर खाईल. पातळ तेलानं इंजिनाचं सील फाटत नाही, आधीच फाटकं असलेलं उघडं पडतं. इंजिन घट्ट असेल तर चालेल. पण सीके-४च्या शेजारीच ठेवलेलं एफए-४ उचलू नका, ते नव्या इंजिनांसाठी काढलंय. दुकानातल्या पोराला फरक माहीत नसतो.

पट्टीबघ_अण्णा
बापाला नमस्कार सांग. पट्टी बघतात का ते?

फिटरचा_पोरगा
तुमच्यापेक्षा जास्त.

कळंबोली_रिटर्न
द्राक्षगाडीवाल्यांचं इंजिन घट्ट असेल, त्यांना दहा-तीस लखलाभ. आमचं दोन घाटांत अर्धा लिटर पितं, ते पंधरा-चाळीसवरच मरणार. सोमवारी ऑइल बदली आहे, डबा माझ्यासमोर फुटेल, भोक मीच पाडणार. कूपन फिटरच्या बापाला. धाकटा भाऊ त्या दिवशी गाडीजवळ फिरकणार नाही.